गव्हाचा चीक आणि स्कॉटलंडची भट्टी

उन्हाळा लागला की आपल्याकडे घरोघर कुरडयांची गडबड उडते. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे, मग तो वाटून, गाळून घ्यायचा. रात्रभर ठेवला की सकाळी पातेल्याच्या तळाशी पांढराशुभ्र चीक बसलेला असतो. वरचे पाणी अलगद ओतून टाकायचे, चीक शिजवायचा आणि सोऱ्याने कुरडई घालायची. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या होतात, नाही तर तो गोठ्यात जनावरांपुढे जातो. हे सगळे आपण पाहिलेले आहे. त्या वेळी घरातल्या एखाद्या जाणत्या बाईच्या तोंडून निघालेले शब्दही आपण ऐकले असतील. ‘औंदाच्या गव्हाला चीकच नाही,’ असे ती म्हणते, किंवा ‘हा गहू पोळीला बरा, पण चिकाला नाही.’ तिने रसायनशास्त्राचे पुस्तक उघडलेले नसते. पण गहू आणि गहू यांत फरक असतो, आणि कोणता गहू चांगला हे तो कशासाठी हवा आहे यावर ठरते, एवढे तिला पक्के ठाऊक असते.

आज ज्या गव्हाची हकीकत सांगायची आहे तो आपल्यापासून हजारो मैल दूर, स्कॉटलंडमध्ये पिकतो आणि दारूच्या भट्टीत जातो. आता दारूचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. तिने किती संसार धुळीस मिळवले हे खेड्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. पण धान्याचा आणि शेतकऱ्याचा इतिहास पाहायला निघालो तर वाटेत भट्टी लागतेच. ती ओलांडून पुढे जाता येत नाही. शिवाय गंमत अशी की, त्या स्कॉच भट्टीवाल्याला गव्हातून नेमके तेच हवे असते, जे आपल्या घरच्या बाईला कुरडईसाठी हवे असते. त्याला चीक हवा असतो.

प्रथम दाणा पाहू. वरचा कोंडा आणि टोकाचा कोंब सोडला तर गव्हाच्या दाण्याची सगळी कोठी मुख्यतः दोन मालांनी भरलेली असते. एक पिष्ट, म्हणजे आपला चीक. पुस्तकांत त्यालाच स्टार्च म्हणतात. दुसरे प्रथिन. शेतात पोरे गव्हाचे दाणे चघळत बसतात आणि थोड्या वेळाने तोंडात रबरासारखा गोळा उरतो, तो प्रथिनाचा. या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवण्याचे श्रेय इटलीतील बोलोन्या शहरच्या याकोपो बेक्कारी या पंडिताला देतात. त्याचा निबंध १७४५ साली छापून आला. (नावावरून पाव भाजणारा वाटला, तरी गृहस्थ वैद्य होता आणि विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवीत असे.) त्याने केले ते एवढेच: गव्हाची कणीक पाण्याखाली धूत राहिला. पांढरे पाणी वाहून गेले ते पिष्ट, आणि हातात चिकट गोळा राहिला तो प्रथिनाचा.

कोठी तेवढीच असते, हे लक्षात घ्या. एकाने जागा जास्त व्यापली की दुसऱ्याला ती कमी पडते. पाव भाजणाऱ्याला प्रथिन हवे, कारण त्या रबरी जाळ्यातच हवा कोंडली जाते आणि पाव फुगतो. भट्टीवाल्याचे सगळे उलटे. तो गहू शिजवतो, त्यात मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, घालतो. मोड आलेल्या जवातले पाचक द्रव्य पिष्टाची साखर करते, किण्व त्या साखरेचा मद्यार्क करते आणि मग ऊर्ध्वपातनाने तो वेगळा काढतात. या सगळ्या खटाटोपात प्रथिनाचा मद्यार्क होत नाही. कोरड्या गव्हाच्या एका टनातून साधारण ४३० ते ४६० लिटर निव्वळ मद्यार्क निघतो. आणि इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये झालेल्या प्रयोगांतून असे दिसले आहे की, गव्हातील प्रथिन शेकडा १ ने वाढले की टनामागे सहा-सात लिटर मद्यार्क कमी होतो. सहा लिटर म्हणजे फार नाही, असे वाटेल. पण वर्षाला एक लाख टन गहू शिजवणारा कारखाना धरा. त्याचे सहा-सात लाख लिटर गेले!

तेव्हा पाववाल्याचा उत्तम गहू तो भट्टीवाल्याचा निकृष्ट गहू. या साध्या गोष्टीभोवती दोन-तीनशे वर्षांचा इतिहास गुंडाळलेला आहे.

त्या इतिहासाची सुरुवात गव्हाच्या गुणदोषांपासून होत नाही. ती भुकेपासून होते. इंग्लंडात १६९० साली धान्यापासून दारू काढण्यास उत्तेजन देणारा कायदा झाला. फ्रान्सशी युद्ध चालू होते, फ्रेंच ब्रँडी बंद केलेली होती, आणि पार्लमेंटात बसलेल्या जमीनदारांना आपल्या धान्याला गिऱ्हाईक हवे होते. चांगले धान्य पेठेत विकावे आणि हलके, डागी धान्य भट्टीला घालावे, असा तो सोयीचा हिशेब होता. त्याचे फळ लंडनच्या गल्ल्यांनी पुढे पन्नास-साठ वर्षे भोगले. जिन नावाच्या स्वस्त दारूने गोरगरीब वस्त्या पोखरल्या, आणि १७५१ साली पार्लमेंटालाच लगाम घालणारा कायदा करावा लागला. पुढे १७५६ साली पीक बुडाले, तेव्हा १७५७ मध्ये धान्यापासून दारू काढण्यावर सरळ बंदीच आली. ती १७६० पर्यंत टिकली. पीक बुडाले की भट्टी बंद, पिकले की चालू, असा प्रकार नंतरही अनेकदा झाला.

लोकांची बाजू काय होती ते १७८४ च्या एका प्रसंगावरून कळते. १७८२-८३ ची वर्षे स्कॉटलंडला फार वाईट गेली होती. अशा वेळी एडिंबरो शहरालगत कॅननमिल्स येथे हेग घराण्याची मोठी भट्टी चालू होती. गरिबाच्या तोंडचे धान्य ही भट्टी गिळते आहे, अशी वार्ता पसरली आणि १७८४ च्या जून महिन्यात जमाव चालून गेला. भट्टीच्या बाजूने गोळी सुटली, माणूस मेला. भट्टीत खरोखर कोणते धान्य किती जात होते याचा वाद तेव्हाही झाला. पण उपाशी माणसाला तो वाद ऐकवून काय उपयोग?

त्या काळी स्कॉटलंडातल्या दारूचे मुख्य धान्य जव हे होते. गव्हाचा मान पावाकडे. हे चित्र बदलले ते दोन कारणांनी: एक यंत्र आणि एक कायदा. रॉबर्ट स्टाइन नावाच्या स्कॉच भट्टीवाल्याने अखंड चालणारे ऊर्ध्वपातन-यंत्र काढले होते. आयर्लंडात अबकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर काम केलेल्या इनिअस कॉफी या गृहस्थाने त्याहून सरस यंत्राचे पेटंट १८३० साली घेतले. जुन्या तांब्याच्या हंड्यात एकदा माल घालायचा, काढायचा, पुन्हा धुऊन भरायचा. कॉफीच्या मनोऱ्यात एका बाजूने आंबवण सोडत राहायचे आणि दुसऱ्या बाजूने मद्यार्क घेत राहायचा, खंड नाही. यंत्राला इतके धान्य लागू लागले की महाग जव परवडेना. तेवढ्यात १८४६ साली इंग्लंडने परदेशी धान्यावरचे जुने जकातीचे कायदे रद्द केले. स्वस्त मक्याला वाट मोकळी झाली, आणि एकोणिसावे शतक संपेपर्यंत ‘ग्रेन व्हिस्की’ म्हणजे मुख्यतः अमेरिकी मक्याची व्हिस्की, असे समीकरण होऊन बसले. तिला व्हिस्की म्हणावे की नाही यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, शाही आयोग बसला, आणि १९०९ साली आयोगाने ‘म्हणावे’ असा निर्वाळा दिला.

मग गहू कधी आला? अगदी आपल्या आठवणीतल्या काळात. ब्रिटन १९७३ साली युरोपच्या सामाईक बाजारात सामील झाले. त्या बाजाराची रीत अशी की, आपल्या शेतकऱ्याचा भाव राखण्यासाठी बाहेरून येणाऱ्या धान्यावर कर चढवायचा. अमेरिकेचा मका महागला. इकडे ब्रिटनमध्ये नव्या वाणांनी आणि खतांनी गहू भरघोस पिकू लागला होता. १९८४ च्या सुमारास बहुतेक स्कॉच भट्ट्यांनी मका सोडून गहू धरला. एडिंबरोच्या नॉर्थ ब्रिटिश या १८८५ साली स्थापन झालेल्या जुन्या कारखान्याने मात्र पुढे कित्येक वर्षे मक्याचीच साथ केली. बाकीच्यांचे धान्य बदलले ते बाटलीतल्या चवीसाठी नव्हे. जकातीच्या कोष्टकातील एक आकडा बदलला आणि स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील शेतकऱ्याच्या दारात नवे गिऱ्हाईक येऊन उभे राहिले.

आणि इथे ‘कोणता गहू’ हा प्रश्न खरा सुरू होतो.

एडिंबरोच्या पूर्वेला ईस्ट लोथियन म्हणून प्रांत आहे. गव्हाचे वाण निवडण्याच्या कामात या भूमीचे नाव जुने आहे. पॅट्रिक शिरेफ हा तिथला शेतकरी. १८१९ साली त्याला आपल्या मंगोजवेल्स येथील शेतात गव्हाचे एकच झाड इतरांहून टवटवीत दिसले. शेजारची झाडे काढून, खत घालून त्याने ते जपले. त्या एका झाडाला ६३ ओंब्या आल्या आणि २४७३ दाणे मिळाले. तेच त्याने पेरले, वाढवले, आणि त्या वाणाला शेताचेच नाव दिले. माझ्या मते शिक्षकांनी मुलांना सांगावी अशी ही गोष्ट आहे. मेंडेलचे नियम कोणाला ठाऊक नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. होती ती फक्त शेतातून चालताना उघडी ठेवलेली नजर. शिरेफच्या कामाचा उल्लेख पुढे डार्विननेही केला.

पण विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील गहू-संशोधकांपुढे प्रश्न होता तो पावाचा. तिथला देशी गहू मऊ, पिठूळ. त्याच्या पिठाचा पाव नीट फुगेना. कॅनडाचा टणक गहू बाजारात वरचढ भाव घेई आणि देशी गहू ‘दुबळा’ म्हणून बाजूला पडे. केंब्रिजचे प्राध्यापक रोलंड बिफेन यांनी कॅनडाच्या रेड फाइफ गव्हाचा संकर करून ‘योमन’ नावाचा वाण काढला, तो १९१६ च्या सुमारास शेतकऱ्यांकडे गेला. हेतू हा की, इंग्रजी मातीत दमदार पावाचा गहू पिकावा. काम मोठे होते यात शंका नाही. पण पुढे काय झाले पाहा. ज्या मऊपणाला दोष मानून तो घालवण्यासाठी एवढे कष्ट घेतले, तोच मऊपणा भट्टीवाले शोधत आले. १९९० च्या दशकात ‘रिबँड’ नावाचा मऊ गहू त्यांचा विशेष लाडका होता. पाववाल्याच्या दृष्टीने तो कामाचा नव्हता; बिस्किटवाला आणि भट्टीवाला मात्र त्याच्यावर खूष!

मऊ आणि टणक हा भेद केवळ दाताला लागणारा नाही. टणक गव्हात पिष्टाचे कण प्रथिनात घट्ट रुतून बसलेले असतात. मऊ गव्हात ते सुटे होतात. हा गुण मुख्यतः आनुवंशिक, म्हणजे वाणाबरोबर येणारा. आपला बन्सी घ्या, खपली घ्या. त्यांच्या जातीतच मऊपणा देणारा घटक नाही, म्हणून त्यांचा रवा सुरेख पडतो. असा गहू स्कॉच भट्टीवाल्याला फुकट दिला तरी तो नाक मुरडील. त्याच्या भट्टीत टणक गहू जास्त चिकट आंबवण करतो आणि पुढच्या कामात अडथळा आणतो.

चिकटपणाची ही बाब जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात वाणाचा सगळा खेळ दिसतो. गव्हात पिष्ट आणि प्रथिन यांखेरीज एक डिंकासारखा पदार्थही असतो. तो पाण्यात विरघळला की आंबवण बुळबुळीत होते. मद्यार्क काढून घेतल्यावर जे उरते ते भट्टीवाले आटवून, वाळवून जनावरांचे खाद्य म्हणून विकतात. आपला कुरडईचा चोथा गोठ्यात जातो तसेच हे. ते पाणी चिकट असले की आटवण्याच्या यंत्रात थर धरतात, नळ्या तुंबतात, कारखाना थांबवून धुवावा लागतो. आता झाले काय, की गव्हावरचा तांबेरा आणि भुरी टाळण्यासाठी संशोधकांनी राय नावाच्या थंड प्रदेशातल्या धान्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा गव्हात आणला होता. रोगप्रतिकार उत्तम साधला. जगभर हा तुकडा पसरला; आपल्या पंजाबात १९९५ नंतर गाजलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ या वाणातही तो होता. पण रायमध्ये हा डिंक भरपूर, आणि त्या तुकड्याबरोबर चिकटपणाही आला. शेतकऱ्याच्या दृष्टीने फवारणी वाचवणारा वाण भट्टीच्या नळ्या तुंबवू लागला.

कोणी म्हणेल, डिंक फोडणारे एखादे द्रव्य बाजारातून आणून टाकावे. दुसऱ्या देशांत ते टाकतातही. पण स्कॉच व्हिस्कीच्या कायद्याला ते चालत नाही. मोड आलेल्या जवातून आणि धान्यातून जे पाचक द्रव्य आपोआप येईल तेवढेच. बाहेरचे थेंबभरही नाही. तेव्हा कारखान्यात जे सुधारता येत नाही ते बियाण्यातच निवडून घ्यावे लागते. म्हणूनच ब्रिटनमध्ये शेतकऱ्यांसाठी दरवर्षी निघणाऱ्या शिफारशीच्या यादीत गव्हाच्या वाणापुढे ‘भट्टीला योग्य की नाही’ हाही शेरा असतो.

एवढे झाले वाणाचे. पण वाण निवडला म्हणजे काम भागले असे नाही. एकच वाण दोन शेतांत पेरा, दाणा दोन तऱ्हेचा निघेल. हा धडा देणारे शेत इंग्लंडात अजून आहे. हर्टफर्डशायरमधील रॉथमस्टेड येथे जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट या जोडीने १८४३ साली ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गहू पेरला. एका पट्ट्याला काहीच खत नाही, एकाला शेणखत, एकाला नत्राचे क्षार, असे पट्टे आखले. ते शेत अजून त्याच पद्धतीने कसले जाते! नत्राने गव्हाचे काय होते हे शिकायला याहून जुनी शाळा सापडणार नाही.

नत्र हा प्रथिनाचा कच्चा माल. सुरुवातीला घातलेल्या नत्राने पीक फोफावते, फुटवे वाढतात, उतारा वाढतो. एका मर्यादेपुढे उतारा थांबतो आणि जादा नत्र दाण्यात प्रथिन बनून बसते. ओंबी निसवल्यावर उशिरा दिलेले नत्र तर बहुतांशी प्रथिनातच जाते. म्हणून पावासाठी गहू पिकवणारा इंग्रज शेतकरी मुद्दाम उशिरा एक हप्ता देतो. पाववाल्याची मागणी साधारण शेकडा १३ प्रथिनाची असते. भट्टीसाठी पिकवणाऱ्याने तो उशिराचा हात आखडता घ्यायचा. दाण्यात प्रथिन शेकडा १०-११ च्या आत राहिले तर भट्टीवाला खूष. दाण्याचा आकारही महत्त्वाचा. भरदार, गोल दाण्यात कोंडा प्रमाणाने कमी आणि चीक जास्त. लांबट, चिरमुटलेल्या दाण्यात उलट.

तो भरदार का होतो? इथे आभाळाचा हात असतो. स्कॉटलंडचा गहू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात आणि पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कापतात. जवळजवळ वर्षभर तो शेतात उभा! जून-जुलैत तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि हवा गार. दाणा भरायला दीड महिना, कधी त्याहूनही जास्त मिळतो. आपल्याकडे फेब्रुवारीत ऊन चढू लागले की महिन्याभरात दाणा भरून घ्यावा लागतो. आणि उष्णतेची खोड अशी की ती पिष्ट तयार करणाऱ्या यंत्रणेला आधी मारते. प्रथिन झाडाच्या पानांतून दाण्यात येतच राहते. त्यामुळे उन्हाने लवकर पिकलेला दाणा लहान, आवळलेला, पण प्रथिनाने जड. उशिरा पेरलेल्या गव्हाला चीक कमी का, याचे एक उत्तर इथे आहे. स्कॉटलंडच्या थंड, लांबलचक उन्हाळ्याने त्या भट्ट्यांना चिकाचा गहू घरबसल्या दिला, हे तिथल्या अक्षांशाचे देणे म्हणायचे.

त्या हवामानाची दुसरी बाजू म्हणजे कापणीच्या तोंडावरचा पाऊस. उभ्या ओंबीत दाण्याला मोड फुटू लागतात. पाववाल्याची पाचावर धारण बसते. हॅगबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या नावाची एक परीक्षा आहे: पिठाची पेज उकळत्या पाण्यातील नळीत ठेवायची आणि तिच्यातून एक दांडा खाली पडायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. मोड आलेल्या गव्हाची पेज पातळ होते आणि दांडा भर्रकन बुडतो. पावाला अडीचशे सेकंद तरी हवेत. भट्टीवाल्याला याची तेवढी धास्ती नाही. पिष्ट फुटावे हाच तर त्याचा उद्योग. पण मोड येता येता चीक खर्ची पडतोच आणि ओला दाणा कोठारात टिकत नाही, म्हणून तोही भिजलेल्या गव्हाला कपाळाला आठी घालूनच पाहतो.

आता शेतकऱ्याच्या बाजूने विचार करा. त्याचा गहू भट्टीच्या फाटकाशी जातो. वाण विचारतात, ओल मोजतात, शंभर लिटरचे माप किती किलो भरते ते पाहतात. बहात्तर किलोच्या आसपास भरले की ठीक. पण पैसे मिळतात ते मुख्यतः टनाला. शेतकऱ्याला टन वाढवायचे आहेत, आणि टन वाढवायचे तर नत्र हवे. भट्टीवाल्याला लिटर वाढवायचे आहेत, आणि लिटर वाढवायचे तर नत्र कमी हवे. एकरी मद्यार्काचा हिशेब केला तर खताचे योग्य प्रमाण धान्याच्या उताऱ्यासाठी लागणाऱ्या प्रमाणापेक्षा थोडे कमीच निघते. ते थोडे कमी खत घालून होणारा तोटा कोणी सोसायचा? प्रथिन कमी म्हणून टनामागे चार पैसे जास्त मिळत नसतील तर शेतकऱ्याने आपला उतारा का सोडावा? डंडीजवळचे जेम्स हटन इन्स्टिट्यूट आणि इतर संस्था गेली कित्येक वर्षे असा वाण शोधत आहेत की, ज्याचा उतारा भरपूर पण जो नत्र दाण्यात कमी साठवील. तो पूर्ण साधला तर भांडण मिटेल. तोपर्यंत हे दोघांचे आतल्या आत चाललेले ओढाताणीचे नाते आहे, आणि माझी सहानुभूती कोणाकडे आहे हे वेगळे सांगायला नको.

हा सगळा दूरदेशीचा मामला आहे असे समजून आपण सुस्कारा सोडावा, अशी मात्र परिस्थिती राहिलेली नाही. २००७ साली महाराष्ट्र सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना सवलती देण्याचे धोरण काढले, तेव्हा ज्वारी माणसाने खायची की भट्टीने, असा वाद राज्यभर पेटला. कॅननमिल्सच्या जमावाचाच प्रश्न, सव्वादोनशे वर्षांनंतर! काळी पडलेली ज्वारी तरी विकली जाईल, असे एक बाजू म्हणत होती. आज काळी जाईल, उद्या पांढरीही जाईल, असे दुसरी. पुढे २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या इथेनॉलसाठी खाण्याला निरुपयोगी झालेला गहू आणि तांदळाची कणी यांना वाट दिली. तेव्हा भट्टीचे गिऱ्हाईक आपल्याही बाजार समितीच्या दारात आलेले आहे. ते दाण्यात काय पाहते आणि भाव कशावर ठरवते, हे माल घेऊन जाणाऱ्याला माहीत असलेले बरे.

शाळेतल्या गुरुजींसाठी एक प्रयोग सुचवतो. त्याला खर्च नाही. बन्सी आणि लोकवन, दोन्हींचे पीठ वजन करून सारखे घ्या. घट्ट कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवा. मग फडक्यात बांधून एकेक गोळा पातेल्यातल्या पाण्यात दाबून दाबून धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. पांढरे पाणी वेगवेगळ्या भांड्यांत रात्रभर ठेवा. सकाळी वरचे पाणी ओतून तळाचा चीक उन्हात वाळवा आणि तराजूवर घाला. फडक्यातला गोळा मुलांना ताणून पाहू द्या. काही दाणे ब्लेडने आडवे कापून उजेडात धरा: काही काचेसारखे दिसतील, काही खडूसारखे. जमल्यास भरपूर युरिया खाल्लेल्या शेतातला आणि बेताच्या खताच्या शेतातला एकाच वाणाचा गहू मागून आणा, आणि दोन्हींचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. कोणाच्या शेतातला कोणता ते मात्र लिहू नका. गावात उगीच वाद नको.